पिट्सबर्गचे पिचर: घडवले किती, घालवले किती?

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, नाहीतर घरी भांडी घासत असाल, हेडफोन नीट लावा आणि ऐका. फक्त स्टेशन चुकवू नका, मागच्या वेळी दोघांनी तशी तक्रार केली होती.

आजचा विषय एका मेसेजवरून सुचला. तुमच्यापैकी एकाने लिहिलं होतं, “दादा, ‘मिलियन डॉलर आर्म’ पिक्चर पाहिला. शेवटी त्या दोन भारतीय पोरांना अमेरिकन टीम घेते आणि पिक्चर संपतो. पण पुढे काय झालं?”

भारी प्रश्न आहे. कारण पिक्चर जिथे संपतो ना, तिथेच खरी गोष्ट सुरू होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उत्तर प्रदेशातली दोन पोरं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. क्रिकेटवाला रिंकू सिंग नाही हां, हा वेगळा. दोघंही भालाफेक करणारी. २००८ मध्ये भारतात एक स्पर्धा झाली: जो सगळ्यात वेगात आणि अचूक बॉल फेकेल त्याला बक्षीस. हजारो पोरांनी हात आजमावला. रिंकू पहिला आला, एक लाख डॉलर मिळाले. दोघांना लॉस एंजेलिसला नेलं, तिथे टॉम हाउस नावाच्या नामांकित कोचने शिकवलं. आणि नोव्हेंबर २००८ मध्ये एका टीमने दोघांनाही करारबद्ध केलं. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळवणारे हे पहिले भारतीय.

ती टीम कोणती? पिट्सबर्ग पायरेट्स.

आणि इथे मला गंमत वाटली. कारण पिचर घडवण्याच्या बाबतीत पायरेट्सचा इतिहास इतका विचित्र आहे, की त्यावर अख्खा भाग होऊ शकतो. म्हटलं, करूच.

आधी दोन मिनिटांत बेसबॉल

क्रिकेट कळणाऱ्याला बेसबॉल कळायला फार वेळ लागत नाही. आपला बॉलर म्हणजे त्यांचा पिचर. टप्पा नाही, धावत येणं नाही. साठ फुटांवर उभा असलेल्या बॅटरला एका जागेवरून सरळ फुलटॉस टाकायचा. बॅटर तीनदा चुकला की आउट, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. तीन आउट झाले की त्या टीमची बॅटिंगची पाळी संपली. अशा नऊ इनिंग.

पिचर किती चांगला हे मोजायला एक आकडा लक्षात ठेवा: ईआरए. नऊ इनिंगमागे तो सरासरी किती रन देतो, तो आकडा. फिल्डरच्या चुकीने गेलेले रन त्यात धरत नाहीत. आपल्या बॉलिंग ॲव्हरेजसारखंच, जितका कमी तितका चांगला. तीनच्या खाली म्हणजे जबरदस्त. चारच्या आसपास म्हणजे ठीकठाक. पाचच्या वर गेला की समजायचं, गडी अडचणीत आहे.

आता पिट्सबर्ग. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं, एकेकाळचं स्टीलच्या कारखान्यांचं शहर. वस्ती साधारण तीन लाख. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिससारखा पैसा नाही. टीम जुनी, पाच वेळा वर्ल्ड सिरीज जिंकलेली, पण शेवटची कधी? १९७९ मध्ये. त्यानंतर १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं या टीमने जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरले. वीस वर्षं! म्हणजे पिट्सबर्गमध्ये एक अख्खी पिढी कॉलेजला गेली, पण आपली टीम बरी खेळतेय असा एकही सीझन तिने पाहिला नाही.

अशा टीमसमोर रस्ता एकच असतो. तयार मोठा पिचर विकत घ्यायला पैसे नाहीत, मग स्वतः घडवा. तिथल्या नियमांनुसार खेळाडू मोठ्या लीगमध्ये आला की साधारण सहा सीझन तो त्याच टीमच्या ताब्यात असतो, सुरुवातीला तर खूप कमी पगारात. त्या सहा वर्षांत त्याच्याकडून जे मिळेल ते मिळवायचं. सातव्या वर्षी तो मोकळा होतो आणि श्रीमंत टीम त्याला उचलते. म्हणजे गरीब टीमला चूक परवडत नाही. न्यूयॉर्कने एक पिचर वाया घालवला तर ते दुसरा विकत घेतील. पिट्सबर्गने वाया घालवला तर दहा वर्षं मागे.

चार वेळा पहिला नंबर

आता एक आकडा सांगतो. अमेरिकेत दरवर्षी ड्राफ्ट होतो. शाळा-कॉलेजातले सगळ्यात चांगले खेळाडू टीम्स एकामागून एक निवडतात आणि कमजोर टीम्सना आधी संधी मिळते. पायरेट्स इतकी वर्षं हरत होते, त्यामुळे त्यांना पहिली निवड अनेकदा मिळाली. आणि चार वेळा त्यांनी देशातला पहिल्या नंबरचा खेळाडू म्हणून पिचर निवडला.

१९९६, क्रिस बेन्सन. बरा खेळला, मग कोपराचं ऑपरेशन झालं, २००४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सला देऊन टाकला.

२००२, ब्रायन बुलिंग्टन. खांद्याला दुखापत झाली, ऑपरेशन झालं. मोठ्या लीगमध्ये अख्ख्या कारकिर्दीत त्याच्या नावावर एकच विजय आहे, आणि तोही पायरेट्सकडून नाही, कॅन्सस सिटीकडून खेळताना मिळालेला. पुढे तो जपानला गेला आणि तिथे हिरोशिमाच्या टीमकडून मस्त खेळला.

२०११, गेरिट कोल. याच्यावर आपण थांबणार आहोत.

२०२३, पॉल स्कीन्स. याच्यावर शेवटी येऊ.

२०१३: फॉर्म्युला सापडला

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे टीम बेकारच होती. नाही ना! इथेच गोष्ट वळण घेते.

२०१३ मध्ये पायरेट्सनी ९४ सामने जिंकले. वीस वर्षांचा दुष्काळ संपला. २०१४ मध्ये ८८, २०१५ मध्ये ९८. सलग तीन वर्षं प्लेऑफ. सगळे विचारायला लागले, यांना काय सापडलं?

सापडला होता एक बॉल. त्याचं नाव सिंकर.

सिंकर म्हणजे बुडणारा. बॉल येतो वेगात, पण बॅटजवळ येता येता थोडा खाली बसतो. बॅटरला वाटतं मधोमध लागेल, पण बॅट लागते बॉलच्या वरच्या भागाला. मग बॉल हवेत जात नाही, जमिनीवरून घरंगळत जातो. आणि जमिनीवरच्या बॉलवर सिक्स तर जाऊच शकत नाही ना! पायरेट्सनी पिचरना सांगितलं, खाली टाका, सिंकर टाका. आणि फिल्डर कुठे उभे करायचे ते कॉम्प्युटरवरून ठरवलं. कुठला बॅटर जमिनीवरून कुठे मारतो याचा हिशोब काढायचा आणि नेमकं तिथे माणूस उभा करायचा. क्रिकेटमध्ये कॅप्टन एखाद्यासाठी लेग साइडला सापळा लावतो ना, तसंच, फक्त प्रत्येक बॅटरसाठी.

यात रे सिअरेज नावाच्या पिचिंग कोचचं खूप नाव झालं. इतर टीम्सनी टाकून दिलेले पिचर त्याच्याकडे यायचे आणि सुधारायचे. फ्रान्सिस्को लिरियानो घ्या. २०१२ मध्ये त्याचा ईआरए ५.३४. पिट्सबर्गला आला, २०१३ मध्ये ३.०२ आणि सोळा विजय. एडिन्सन वोल्केझ, २०१३ मध्ये ५.७१, दुसऱ्या वर्षी पिट्सबर्गमध्ये ३.०४. म्हणजे हे गॅरेज होतं. बंद पडलेली गाडी आणा, चालू करून देतो.

आणि एक नाव मला मुद्दाम घ्यायचंय. चार्ली मॉर्टन. २०१० मध्ये त्याचा ईआरए होता ७.५७. दोन विजय, बारा पराभव. माणूस संपल्यात जमा. पायरेट्सनी त्याचा हात थोडा खाली आणला, सिंकर दिला, रॉय हॅलडे या महान पिचरसारखी त्याची ॲक्शन करून घेतली. पुढच्या वर्षी ईआरए ३.८३. वाचला पोरगा.

हे नाव लक्षात ठेवा, परत येणारे. आणि हेही लक्षात ठेवा की फॉर्म्युला खोटा नव्हता. त्याने खरोखर काही जणांची करिअर वाचवली. मी जे पुढे बोलणार आहे त्यातून कोणी असं समजू नये की ते लोक मूर्ख होते.

७ ऑक्टोबर २०१५

आता एक संध्याकाळ सांगतो. पिट्सबर्गचं पीएनसी पार्क हे मैदान नदीकाठी आहे, समोर पिवळा पूल, पलीकडे शहर. एकच सामना, हरला तो घरी. पायरेट्सकडून पिचर गेरिट कोल. त्या वर्षी त्याने १९ सामने जिंकलेत, ईआरए २.६०, वय पंचवीस. समोर शिकागो कब्ज, त्यांचा पिचर जेक अरिएटा.

पायरेट्स ४-० ने हरले. अरिएटाने त्यांना एकही रन करू दिला नाही.

आता हा अरिएटा कोण? दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो बाल्टिमोर ओरिओल्समध्ये होता. तिथे त्याचा ईआरए पाचच्या वर. त्याची ॲक्शन जरा आडवी होती, हात शरीरावरून तिरका यायचा. ओरिओल्सनी ती सरळ करायचा प्रयत्न केला. सरळ काही झाली नाही, पण बॉल बिघडला. २०१३ मध्ये त्यांनी त्याला शिकागोला देऊन टाकलं. शिकागोने सांगितलं, तुझ्या पद्धतीने टाक. २०१५ मध्ये बावीस विजय, ईआरए १.७७, साय यंग पुरस्कार. साय यंग म्हणजे वर्षातला सर्वोत्तम पिचर.

म्हणजे त्या रात्री पायरेट्सना घरच्या मैदानावर कोणी हरवलं? दुसऱ्या एका टीमने ‘सुधारायला’ घेतलेल्या आणि न सुधारल्याने सोडून दिलेल्या पिचरने. मला नेहमी वाटतं, त्या रात्री पिट्सबर्गच्या ड्रेसिंग रूममध्ये कोणीतरी हा धडा वहीत लिहून ठेवायला हवा होता. कारण पुढची पाच वर्षं नेमकं हेच त्यांच्याबाबतीत घडणार होतं.

एकाच साच्यातून सगळे

काय झालं बघा. सिंकर चालला म्हटल्यावर तो नियम झाला. खाली टाका, बॅटरला लवकर मारू द्या, जमिनीवरून बॉल जाऊ द्या. ज्याला गरज होती त्यालाही तेच आणि ज्याला गरज नव्हती त्यालाही तेच.

आणि समोरचे बॅटर काय हातावर हात ठेवून बसणार? त्यांनीही अभ्यास केला. सगळे खाली टाकताहेत ना, मग आपण बॅट खालून वर फिरवू. २०१५ नंतर हे वारं सुटलं आणि खालचे बॉल उचलून स्टँडमध्ये जायला लागले. म्हणजे जो बॉल सुरक्षित म्हणून टाकत होतात, तोच आता धोकादायक.

मग उपाय काय? वर टाका. फोर-सीम नावाचा सरळ, वेगवान बॉल असतो. त्याला जोरात उलटी फिरकी असते, म्हणून तो डोळ्याला वाटतो त्यापेक्षा कमी खाली येतो. बॅट खालून वर येतेय आणि बॉल वरून निघून जातोय. स्ट्राइकआउट! ह्यूस्टन ॲस्ट्रोजसारख्या टीम्सनी हे ओळखलं. त्यांच्याकडे हाय-स्पीड कॅमेरे, प्रत्येक बॉलची फिरकी मोजणारी यंत्रं. ते पिचरला बसवून दाखवायचे: हे बघ, तुझा हा बॉल सगळ्यात चांगला आहे, आणि तोच तू सगळ्यात कमी टाकतोस.

आता गेरिट कोल. २०१७ मध्ये पिट्सबर्गकडून २०३ इनिंग, १९६ स्ट्राइकआउट, ईआरए ४.२६. देशातला पहिल्या नंबरचा पिचर, ताशी ९७-९८ मैल वेग, आणि निकाल ठीकठाक. जानेवारी २०१८ मध्ये पायरेट्सनी त्याला ह्यूस्टनला दिलं, बदल्यात चार खेळाडू घेतले. ह्यूस्टनने त्याचा सिंकर जवळजवळ बंद केला, फोर-सीम वर टाकायला लावला, वळणारे बॉल वाढवले. तोच माणूस, तोच हात. २०१८: २०० इनिंग, २७६ स्ट्राइकआउट, ईआरए २.८८. इनिंग जवळपास तितक्याच आणि स्ट्राइकआउट ऐंशीने जास्त! २०१९: ३२६ स्ट्राइकआउट, २० विजय, ईआरए २.५०. त्यानंतर न्यूयॉर्क यांकीजनी त्याच्याशी नऊ वर्षांचा, ३२.४ कोटी डॉलरचा करार केला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या काळात बऱ्याच टीम्सचे पिचर बॉलला चिकट पदार्थ लावून फिरकी वाढवायचे. २०२१ मध्ये लीगने त्यावर कडक तपासणी सुरू केली आणि कोललाही पत्रकारांनी त्याबद्दल विचारलं होतं. त्यामुळे त्या वर्षांतली सगळी जादू फक्त कोचिंगची होती असं मी म्हणणार नाही. पण तपासणी सुरू झाल्यावर दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, याच कोलने साय यंग जिंकला. म्हणजे माल अस्सल होता. पिट्सबर्गच्या घरातच होता.

आणि चार्ली मॉर्टन आठवतोय? पायरेट्सनी त्याला २०१५ च्या शेवटी सोडलं. तोही पुढे ह्यूस्टनला गेला. तिथे जोरात टाकायला लागला, कर्व्हबॉल वाढवला. २०१७ ची वर्ल्ड सिरीज, सातवा आणि शेवटचा सामना, शेवटच्या चार इनिंग कोणी टाकल्या? मॉर्टनने. जिंकून दिलं. पस्तिशीकडे झुकताना पहिल्यांदा ऑल-स्टार झाला आणि चाळिशी ओलांडल्यावरही खेळत होता. सिंकरने त्याला बुडताना वाचवलं होतं, हे खरंच. पण वाचवल्यावर त्याला तिथेच काठावर बसवून ठेवलं. पोहायला दुसऱ्यांनी शिकवलं.

ग्लॅसनाऊचा सौदा

आता सगळ्यात दुखरी जखम. टायलर ग्लॅसनाऊ. सहा फूट आठ इंच! असा उंच माणूस हात लांब करून बॉल सोडतो तेव्हा बॅटरला वाटतं, हा समोरच येऊन उभा राहिला. पायरेट्सनीच ड्राफ्ट केलेला, लहान लीगमध्ये भन्नाट. मोठ्या लीगमध्ये आला आणि सगळं सुटलं. २०१७ मध्ये ईआरए ७.६९. कोपऱ्यात टाक, खाली टाक, नेम धर, हे सगळं करता करता पोराचा स्वतःवरचा विश्वास गेला. २०१८ मध्ये त्याला सुरुवातीच्या पिचरांतून काढून राखीव पिचरांत बसवलं.

३१ जुलै २०१८. पायरेट्सनी टॅम्पा बे रेजकडून ख्रिस आर्चर हा नावाजलेला पिचर घेतला. बदल्यात काय दिलं? ग्लॅसनाऊ, ऑस्टिन मेडोज नावाचा तगडा बॅटर, आणि वर शेन बाझ, म्हणजे वर्षभरापूर्वीच पहिल्या फेरीत निवडलेला तरुण पिचर.

टॅम्पाही गरीब टीम आहे हां. पिट्सबर्गपेक्षा पैसा जास्त नाही. त्यांनी ग्लॅसनाऊला दुसऱ्याच दिवशी सुरुवातीचा पिचर केलं आणि सांगितलं, कोपरे विसर, मधोमध टाक. तुझा बॉल इतका चांगला आहे की मधे टाकलास तरी लागणार नाही. बस्स. पुढच्या वर्षी बारा सामन्यांत ईआरए १.७८. पुढे डॉजर्सने त्याला साडेतेरा कोटी डॉलरहून मोठा करार दिला. आणि आर्चर? पिट्सबर्गमध्ये २०१९ चा ईआरए ५.१९. मग दुखापती. मग गेला. कुठे गेला असेल? परत टॅम्पाला! [हसतो] बेसबॉलच्या इतिहासातल्या सगळ्यात वाईट सौद्यांच्या यादीत हा सौदा अजूनही वरच्या नंबरवर असतो.

कोलच्या बदल्यात आलेल्या चौघांपैकी जो मस्ग्रोव्ह हा पिचर. तोही गेला, आणि एप्रिल २०२१ मध्ये सॅन डिएगोकडून त्याने एकही हिट न देता सामना जिंकला. त्या क्लबच्या इतिहासातला असा पहिलाच सामना.

२०१९ च्या सीझननंतर पायरेट्सनी मॅनेजर, कोच सिअरेज, जनरल मॅनेजर, सगळे बदलले.

आता माझी छोटीशी गोष्ट

मी हे सगळं इतक्या आवडीने का वाचतो, सांगतो. पंधरा वर्षांचा असताना मी एका क्रिकेट अकादमीत जायचो. नाव नाही घेणार. माझी ॲक्शन विचित्र होती, हात बाजूने यायचा. वेग फार नव्हता, पण बॉल बाहेर जायचा आणि कसा जायचा ते मलाच कळत नसे. सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “हात कानाजवळून आला पाहिजे.” सगळ्यांना तेच. चाळीस पोरं, एकच ॲक्शन. सहा महिन्यांनी माझा हात कानाजवळून यायला लागला. बॉल बाहेर जायचा बंद झाला. मग मीही जायचा बंद झालो.

आता मी काही फार मोठा बॉलर होणार होतो असं नाही. घरच्यांना विचारा, ते हसतील. आणि सर वाईट माणूस नव्हते, पोटतिडकीने शिकवायचे. पण मला आजही वाटतं, एकदा, फक्त एकदा त्यांनी विचारायला हवं होतं, “बाळा, हा बॉल बाहेर कसा काय जातो रे? दाखव बघू परत.”

मग पिट्सबर्ग शिकलं का?

शिकलं असं म्हणायला जागा आहे. मिच केलर घ्या. पायरेट्सचाच पोरगा, दुसऱ्या फेरीत निवडलेला. २०१९ मध्ये ईआरए ७.१३. २०२१ मध्ये ६.१७. आणखी एक वाया गेला, असं सगळे म्हणायला लागले. पण यावेळी त्याला विकला नाही. २०२१-२२ च्या हिवाळ्यात तो नॉर्थ कॅरोलिनातल्या एका खासगी ट्रेनिंग सेंटरला गेला, वेग वाढवून आला. २०२२ मध्ये त्याने दोन नवे बॉल घेतले. एक बाजूला लांब वळणारा स्वीपर, आणि दुसरा... ओळखा! सिंकर!

होय. तोच सिंकर. ईआरए ३.९१ वर आला. २०२३ मध्ये तो ऑल-स्टार झाला आणि पुढच्या वर्षी टीमने त्याला पाच वर्षांचा, ७.७ कोटी डॉलरचा करार दिला.

मला हा या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग वाटतो. म्हणजे सिंकरचा काही दोष नव्हताच. केलरचा सरळ बॉल मार खात होता, त्याला जोडीला काहीतरी हवं होतं, म्हणून सिंकर त्याला लागू पडला. कोलचा सरळ बॉलच हत्यार होता, तिथे सिंकरने ते म्यान केलं. औषध तेच आहे हो, पेशंट बघून द्यायचं असतं.

आणि मग पॉल स्कीन्स. ताशी शंभर मैल, म्हणजे आपल्या हिशोबात १६० किलोमीटर. मे २०२४ मध्ये पहिला सामना. पहिल्याच वर्षी ईआरए १.९६, ऑल-स्टार सामन्याची सुरुवात त्याच्या हातात, वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू. २०२५ मध्ये ईआरए १.९७ आणि एकमताने साय यंग. त्याचा एक खास बॉल आहे, स्प्लिंकर, म्हणजे स्प्लिटर आणि सिंकर यांच्या मधलं काहीतरी. स्वतःच खटपट करून काढलेला. पूर्वीच्या पिट्सबर्गमध्ये या बॉलला कोणी हात लावू दिला असता का, मला शंका आहे.

पण श्रेय देताना जरा जपून. स्कीन्स आधी एअर फोर्स अकादमीत होता, तिथे पिचिंगबरोबर कॅचरही होता. मग लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत गेला, तिथे नुसता पिचर झाला, वेग वाढला, कॉलेजची वर्ल्ड सिरीज जिंकली. म्हणजे पिट्सबर्गला तो बराचसा तयार मिळाला. त्यांचं मोठं काम एकच होतं: बिघडवू नका. आणि त्यांनी बिघडवला नाही. या टीमच्या बाबतीत हेही कमी नाही!

दुःख एवढंच की २०२५ मध्ये १.९७ ईआरए असूनही स्कीन्सच्या नावावर दहा विजय आणि दहाच पराभव आहेत. कारण तो रन देत नाही, आणि त्याचे बॅटर रन करत नाहीत. टीम ९१ सामने हरली. पिचर घडवून अर्धंच काम होतं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

रिंकू आणि दिनेशचं काय झालं?

आता पहिल्या प्रश्नाकडे. दिनेशला पायरेट्सनी २०१० मध्ये सोडलं, तो भारतात परत आला. रिंकू टिकला. २००९ मध्ये त्याने सामना जिंकला, अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये असा विजय मिळवणारा तो पहिला भारतीय. हळूहळू एकेक पायरी चढला, २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या खालच्या लीगपर्यंत पोहोचला. मग कोपर गेलं, ऑपरेशन झालं, मग पुन्हा दुखापती. मोठ्या लीगपर्यंत पोहोचला नाही. २०१८ मध्ये तो कुस्तीत गेला, डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये. तुमच्यापैकी कुस्तीवाल्यांना तो माहीत असेल, वीर महान या नावाने.

त्यांना पायरेट्सनी नीट घडवलं नाही, असं मी म्हणणार नाही. स्पर्धेत रिंकूचा वेग ८७ मैल होता, मोठ्या लीगचे पिचर नव्वदच्या पुढे टाकतात. ज्या खेळाचा बॉल वीस वर्षांपर्यंत हातात धरला नव्हता, त्या खेळात त्याने चार सीझन काढले. मला तर ते खूप वाटतं. पण पिक्चरने आपल्याला सांगितलं की हात सापडला म्हणजे झालं. हात सापडणं सोपं आहे हो. स्पीडगन घेऊन उभं राहा, सापडतो. कोलचा हात सगळ्यांना दिसत होता. ग्लॅसनाऊचाही. त्या हाताचं करायचं काय, हे बघायला वेळ लागतो, आणि ‘आमच्याकडे असंच करतात’ हे वाक्य थोडं बाजूला ठेवावं लागतं.

तुमच्यापैकी कोणी खेळत असेल, गाणं शिकत असेल, नवीन नोकरीत सीनियरच्या हाताखाली असेल, तर एक करा. कोणी तुमची पद्धत बदलायला सांगितली तर लगेच भांडू नका, मॉर्टनला त्या बदलानेच वाचवलं होतं. पण विचारा, “सर, माझ्यात काय चांगलं आहे असं तुम्हाला वाटतं?” उत्तर मिळालं तर त्या माणसाचं ऐका. मिळालं नाही, तर आपला मूळ बॉल विसरू नका. अधूनमधून भिंतीवर टाकत राहा.

आणि तुमच्याच हाताखाली कोणी शिकत असेल, तर त्यालाही हेच आधी सांगा.

चला, आजच्यापुरतं इतकंच. तुमची ॲक्शन कोणी बदलली होती का, खेळात किंवा कशातही? व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आतली. निवडक पुढच्या भागात ऐकवतो. आणि हो, स्टेशन आलं असेल, उतरा!